‘राजा इडिपस’मधल्या म्हाताऱ्या मेंढपाळाला निष्ठेचं काय फळ मिळतं?

तुम्ही विचारलंय की लायस राजाच्या घरी उभा जन्म काढलेल्या म्हाताऱ्याला इडिपस गुन्हेगारासारखं का वागवतो, आणि हे नाटक लिहिणाऱ्या प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसने त्याच्या निष्ठेची काहीच कदर कशी केली नाही. कथा थोडक्यात अशी: इडिपस नकळत आपल्याच बापाला, लायसला, मारतो, आईशी, राणी जोकास्टाशी, लग्न करून राजा होतो, आणि नाटकात तोच लायसच्या खुन्याचा शोध घेतोय.

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे. तो गुलाम आहे. ‘विकत घेतलेला नाही, घरातच वाढलेला,’ असं तो स्वतः सांगतो, आणि त्या सांगण्यात मला थोडा अभिमान ऐकू येतो. पण गुलाम तो गुलामच. अथेन्सच्या न्यायालयात गुलामाची साक्ष एरवी छळ करून काढलेली असेल तरच ग्राह्य धरत. त्यामुळे म्हातारा बोलायला कचरतो आणि इडिपस ‘याचे हात मागे पिरगळा’ म्हणून ओरडतो, तेव्हा समोर बसलेल्या अथेन्सकरांना त्यात जगावेगळं काही वाटलं नसणार.

दुसऱ्या भागाशी मात्र मी सहमत नाही. कदर केलेली आहे, फक्त ती कुठल्या धन्याच्या तोंडून केलेली नाही.

या माणसाने आयुष्यात काय काय केलं ते एकदा क्रमाने बघा, कारण नाटकात ते तुकड्यातुकड्यांनी येतं आणि वाचताना निसटून जातं. राणी जोकास्टा त्याच्या हातात स्वतःचं तीन दिवसांचं मूल देते. मुलाचे घोटे टोचून पाय एकत्र जखडलेले. हे मूल बापाला मारेल असं भाकीत झालेलं, म्हणून हुकूम असा की याला संपव. त्याच्या हातून ते होत नाही. सिथेरॉन डोंगरावर कॉरिंथचा एक मेंढपाळ त्याच्या शेजारी कळप चारत असे. याच्याकडे दोन कळप, त्याच्याकडे एक, वसंतापासून शरदापर्यंत सहा सहा महिने, अशी तीन वर्षं दोघं बरोबर होते. त्याच्या हवाली तो मूल करतो. पुढे कित्येक वर्षांनी तिवाट्यावर लायस मारला जातो, तेव्हा पाच जणांतला हा एकटाच जिवंत परततो आणि दरोडेखोरांच्या टोळीने राजाला मारलं असं सांगतो. टोळी का म्हणाला, याचा खुलासा नाटक कधीच करत नाही.

आणि मग तो सिंहासनावर इडिपसला बघतो. माझ्या वाचनाप्रमाणे त्याने मारेकऱ्याला तिथल्या तिथे ओळखलेलं आहे. अशा वेळी माणूस बोंब मारेल, नाहीतर गप्प राहण्याची किंमत वसूल करेल. हा राणीचा हात धरतो आणि एवढंच मागतो, की मला लांब कुरणावर पाठव, जिथून हे शहर दिसणारही नाही. ही हकिगत जोकास्टाच सांगते. वर म्हणते, गुलाम असला तरी याहून मोठ्या गोष्टीवर त्याचा हक्क होता. नाटकात मालकाच्या तोंडून त्याची झालेली वाखाणणी ती एवढीच, आणि आपण कशाची वाखाणणी करतोय हे त्या बाईला ठाऊक नाही.

पुढचा प्रसंग शक्य असेल तर मोठ्याने वाचा. कॉरिंथहून तोच जुना सोबती आला आहे, शुभवार्ता आणलीय, बक्षिसाची आशाही त्याने लपवलेली नाही. तो उत्साहाने म्हणतो, आठवतं का, तू मला एक मूल दिलं होतंस? अरे बाबा, हा समोरचा राजाच तो! म्हातारा त्याच्यावर कडाडतो: मसणात जा! तोंड बंद ठेवशील की नाही? तोपर्यंत त्याच्यापाशी दोन वेगवेगळी गुपितं होती. एक, मूल कुठेतरी परमुलखात वाढतंय. दुसरं, राजाचा खुनी राणीशेजारी बसलाय. त्या एका वाक्यासरशी दोन्ही गुपितांना एकच चेहरा येतो. तो चेहरा त्याच्यासमोर उभा राहून त्याला दरडावतो आहे.

ज्याला वाचवायला तो धडपडतोय, तोच त्याला मारायची धमकी देतोय. म्हाताऱ्याच्या गप्प बसण्यात आता स्वतःचा बचाव फारसा उरलेलाच नाही. ‘देवाशप्पथ, धनी, आणखी विचारू नका,’ ही विनवणी इडिपससाठी आहे. शेवटी तो म्हणतो, आता भयंकर ते बोलायची वेळ आली. इडिपस उत्तर देतो, आणि माझ्यावर ऐकायची. पण ऐकायलाच हवं. मूल का दिलंस, या प्रश्नावर तो म्हणतो, ‘दया आली, धनी.’ अख्ख्या नाटकात इतकं साधं कारण दुसऱ्या कुणीच दिलेलं नाही. सोफोक्लीसने केलेली कदर म्हणतो ती हीच.

एक गोष्ट रंगमंचाची. त्या काळच्या ग्रीक शोकांतिकेत बोलणारे नट तीनच असत. जोकास्टा आत निघून जाते तेव्हा इडिपस आणि कॉरिंथचा माणूस मंचावरच असतात. म्हणजे हिशेबाने मेंढपाळाचं काम जोकास्टा झालेल्या नटानेच मुखवटा बदलून करायला हवं. मूल देणारी आणि मूल घेणारा, आवाज एकच. हे लक्षात आलं त्या दिवशी मी तो प्रवेश पुन्हा पहिल्यापासून वाचून काढला.

१५०० हून थोड्या जास्त ओळींच्या नाटकात या माणसाचा प्रवेश जेमतेम ७० ओळींचा. पुढे सत्य कळल्यावर स्वतःचे डोळे फोडून घेतलेला इडिपस बाहेर येतो आणि ज्याने आपल्याला पायांच्या बेडीतून सोडवून मरणातून वाचवलं त्याला शाप देतो. बेडी काढली कॉरिंथच्या माणसाने, जीव वाचवला दोघांनी. शाप दोघांनाही लागतो. कोरससुद्धा, म्हणजे नाटकातला गाणाऱ्या नगरवासीयांचा समूह, म्हणतो, तो तेव्हाच मेला असता तर बरं होतं.

हे ऐकायला म्हातारा तिथे नाही. इडिपस आत धावतो, कोरसचं गाणं सुरू होतं, आणि तो कुठे गेला याची कुणी चौकशीही करत नाही. हात पिरगळायचा हुकूम संहितेत स्पष्ट आहे. सोडायचा हुकूम मी शोधला. तो कुठेच नाही.