डॉक्टर खोटी बिलं लावत असेल तर ती बिलं करणाऱ्यांना कळत कसं नाही?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत एखादा डॉक्टर वर्षानुवर्षं विम्याची खोटी बिलं लावतो आणि एक दिवस थेट अटकेचीच बातमी येते, मग तोवर बिलं करणारे झोपलेले असतात का? मी बी.फार्म. केल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, पुण्यात रात्रपाळीला बसून तिकडच्या डॉक्टरांच्या बिलांचं कोडिंग करते. झोप येते, खोटं नाही. पण जागं असूनही कळत नाही.

आमच्यापुढे येतो तो फक्त चार्ट, म्हणजे डॉक्टरने पेशंटबद्दल लिहिलेली नोंद. त्यावरून निदानाचा एक कोड लावायचा, उपचाराचा एक कोड, दोन्ही जुळले की क्लेम, म्हणजे पैशांची मागणी, विम्याकडे जातो. केमो दिली आणि निदान सर्दीचं, तर क्लेम परत येणार. केमो दिली आणि निदान कॅन्सरचं, तर पैसे मिळणार. पेशंटला खरंच कॅन्सर आहे का, हे सांगणारा एकच माणूस, तोच डॉक्टर. ट्रेनिंगमध्ये आमच्याकडून घोकून घेतात, ‘जे लिहिलं नाही ते झालंच नाही.’ लिहिलं म्हणून झालंच असं नाही, हे मात्र कुणी शिकवत नाही.

डॉ. फरीद फाताचं प्रकरण वाचलं तेव्हा हे मला नीट उमगलं. डेट्रॉईटच्या आसपास सात दवाखाने, कॅन्सर आणि रक्तविकारांचा नावाजलेला तज्ज्ञ. हा माणूस कॅन्सर नसलेल्यांना केमो देत होता, आणि ज्यांना आता गरज नव्हती त्यांचीही चालूच ठेवत होता. यात पैसा कुठे, असं वाटेल. तिथे शिरेतून द्यायची औषधं डॉक्टर आधी स्वतः विकत घेतो, पेशंटला देतो आणि मग बिल लावतो. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः 65 च्या पुढच्यांचा सरकारी विमा, त्या औषधाची सरासरी विक्री किंमत अधिक सहा टक्के देतो. म्हणजे औषध जितकं महाग, तितके ते सहा टक्के मोठे. सलाईन लावण्याचं बिल वेगळं. शिवाय फाताची स्वतःची फार्मसी होती आणि स्वतःचं स्कॅनचं सेंटरही. सगळं घरातल्या घरात.

2010 मध्ये नोकरीच्या मुलाखतीला गेलेल्या एका नर्सने तिथली केमो द्यायची पद्धत पाहिली आणि त्याच दिवशी बाहेर पडली. तिने राज्य सरकारकडे तक्रार केली. पुढच्या वर्षी उत्तर आलं, काही गैर आढळलं नाही. (सरकारी उत्तरं जगभर एकाच साच्यातून निघतात.)

मग जुलै 2013. एका बाईला मायलोमा, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर, सांगून केमोचा पहिला डोस दिला. त्याच दिवशी ती घरी पडली, पाय मोडला, हॉस्पिटलात गेली. तिथे राउंडला आला फाताच्याच दवाखान्यातला दुसरा डॉक्टर. त्याने तिचे रिपोर्ट पाहिले, तर कॅन्सरचा मागमूस नाही. त्याने ते ऑफिस मॅनेजरला सांगितलं, मॅनेजरने सरकारपर्यंत नेलं आणि 6 ऑगस्टला फाताला अटक झाली. तीन वर्षांत जे झालं नाही ते पाच आठवड्यांत.

अशा आतल्या माणसांसाठी तिकडे 1863 चा, यादवी युद्धातल्या ठेकेदारांच्या लुटीवर केलेला कायदा आजही चालतो. सरकारच्या वतीने दावा लावायचा, सरकार त्यात उतरलं आणि वसुली झाली तर साधारण 15 ते 25 टक्के वाटा मिळतो.

सप्टेंबर 2014 मध्ये फाताने गुन्हा कबूल केला. आरोग्यसेवेतल्या फसवणुकीचे 13 आरोप, शिवाय कमिशनखोरीचा कट आणि मनी लाँडरिंग. म्हणजे गुन्हे सगळे पैशांचे. माणसांना विष टोचलं आणि खटला बिलांचा, याचा मला अजून राग येतो. पण वकिलाच्या बाजूने पाहिलं तर खोटा क्लेम कागदावर सिद्ध होतो. या फसवणुकीला बळी पडलेले पेशंट 553, जप्ती 1 कोटी 76 लाख डॉलरची. सरकारी पक्षाने 175 वर्षं मागितली होती, जुलै 2015 मध्ये न्यायाधीशांनी 45 दिली.

आता माझं. एका क्लायंटच्या चार्टमध्ये लागोपाठ अकरा पेशंटना शब्दशः तीच तक्रार होती, तोच उजवा गुडघा, स्पेलिंगची चूकसुद्धा तीच. मी टीमच्या लीडला दाखवलं. ती म्हणाली, ‘अगं, लिहिलंय ना? मग कोड कर, टार्गेट बघ.’ मी हट्टाने क्वेरी टाकली, म्हणजे क्लायंटकडे खुलासा मागितला. दोन दिवसांनी अकरा सुधारित चार्ट आले. आता चार गुडघे डावे होते आणि स्पेलिंग बरोबर.

सगळे क्लेम पास झाले.