वाघ काळा का झाला, या वादावर पोट भरतं का?

नमस्कार,

चंद्रपूरहून आलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगी बारावी सायन्सला, नीटचा क्लास लावलेला, गणित अकरावीतच सोडलेलं. आणि दिवाळीपासून तिचा धोशा की डॉक्टर नाही व्हायचं, परिसंस्था आणि उत्क्रांतीचा अभ्यास करायचाय. ताडोब्याच्या वाघिणी ओडिशाला पाठवल्या, त्यावरून ताटावर तुमची खडाजंगी झाली. ती म्हणते, ओडिशातल्या सिमिलिपाल व्याघ्र प्रकल्पातले काळे वाघ तिथल्या जंगलाने घडवलेत, बाहेरच्या वाघिणी नेऊन ते बिघडवू नका. तुम्ही म्हणता, वाघ तो वाघ. आणि मला विचारता, ‘ज्या प्रश्नावर शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, त्यावर पोट कसं भरणार?’

पोटाचं नंतर बोलू. आधी ते भांडण, कारण तिचं करिअर असलंच तर त्यातच आहे.

सिमिलिपालमध्ये २०२३-२४ च्या गणनेत २७ प्रौढ वाघ मिळाले आणि त्यातले १३ काळे. खरं तर पट्टेच इतके रुंद आणि एकमेकांत मिसळलेले, की अंग काळं दिसतं. बंगळूरुच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत उमा रामकृष्णन यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं की हे टॅकपेप नावाच्या एकाच जनुकातल्या एका बदलामुळे होतं. (काही घरगुती मांजरांच्या अंगावर सरळ पट्ट्यांऐवजी मोठी वळणं असतात. तीही याच जनुकाची करामत.)

पण हा बदल तिथेच एवढा का पसरला? तुमच्या मुलीचं उत्तर आहे निवड: दाट सावलीत काळ्या वाघाला दबा धरायला सोपं, म्हणून तो टिकला. दुसरं उत्तर योगायोगाचं. सिमिलिपाल इतर वाघांच्या जंगलांपासून तुटलेलं आहे, वाघ मोजके, बाहेरून नवं रक्त येत नाही. दहा घरांच्या गावात एका घराण्याचं नाक चार पिढ्यांत निम्म्या गावाला लागतं, तसंच हे. संशोधकांचा कल योगायोगाकडे आहे, पण निवडीची शक्यता त्यांनी निकालात काढलेली नाही. मीही योगायोगाच्या बाजूचा. वाघ इतके थोडे असले की नशिबाच्या गोंगाटात निवडीचा आवाज बुडतो.

यावर निर्णयही अवलंबून असतात. नात्यातल्या नात्यात पैदास होत असेल तर बाहेरून वाघीण आणणं हा उपाय. म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये ताडोब्याची वाघीण जमुना गेली, नोव्हेंबरमध्ये झीनत. काळेपणा अप्रभावी, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणारा, असल्यामुळे बदल नसलेल्या वाघिणीला काळ्या नरापासून होणारी पिल्लं साध्या पट्ट्यांचीच निघतील. हे तर तुमच्या लेकीने मेंडेलच्या वाटाण्यांत शिकलेलं आहे. मग रंग मागे पडला तरी चालेल का? वाचवायचं काय, तो रंग की तिथले वाघ? इथे तुम्हा दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. झीनतने तर कोणाचंच ऐकलं नाही. सिमिलिपाल सोडून झारखंडमार्गे बंगालच्या बांकुऱ्यात पोचली, २९ डिसेंबरला तिला बेशुद्ध करून पकडावं लागलं.

आता पोटाचं. जिप्सीत बसून वाघ बघायला आवडणं वेगळं आणि हे काम वेगळं. वाघाची विष्ठा गोळा करायची, त्यातून डीएनए काढायचा, मग महिनोन्‌महिने संगणकापुढे संख्याशास्त्र. पीएचडीला पाच-सहा वर्षं सहज जातात. त्या काळात सुरुवातीची जेआरएफ, म्हणजे संशोधक विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, महिना ३७,००० रुपये, वर घरभाडं. पुढे कायमच्या जागा कमी, स्पर्धा भरपूर. हे तिच्यापासून लपवू नका.

वाटा आहेत. आयसर या केंद्राच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था; पुण्यासह सगळ्या आयसरमध्ये पाच वर्षांचा बीएस-एमएस. त्याची प्रवेश परीक्षा वेगळी, ६० प्रश्नांची, आणि त्यातले १५ गणिताचे. किंवा चांगल्या कॉलेजात बीएस्सी करून पुढे एनसीबीएस नाहीतर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत एमएस्सी. गेट या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेतही परिसंस्था आणि उत्क्रांती असा स्वतंत्र पेपर असतो. संशोधन नाही जमलं तर यूपीएससीतून भारतीय वनसेवा आहेच. नीटचा अर्ज मात्र भरा, तो भरल्याने काही बिघडत नाही.

मला खरी काळजी सोडलेल्या गणिताची वाटते. योगायोग किती आणि निवड किती, हे शेवटी आकड्यांतच मोजावं लागतं. तेव्हा एक करा. तिला सांगा, एका पानावर लिही: कोणती माहिती हाती आली तर ‘माझं चुकलं, हा योगायोगच’ असं तू मान्य करशील? किती वाघ, किती वर्षं, काय मोजायचं, सगळं लिहायचं. वाघांचं कौतुक नको. दोन-तीनदा खोडून पुन्हा लिहीत बसली, तर आयसरचा अर्ज भरा आणि गणिताची शिकवणी लावा. कंटाळून तासाभरात उठली, तर ते पान तसंच अर्धवट मला पाठवा, मग आपण फोनवर बोलू.