कोकणातल्या छोट्या शहरांतल्या जुन्या टॉकीज टीव्हीमुळेच बंद पडल्या का?

सगळे तेच सांगतात आणि अर्धं खरंही आहे, १९८७ला रामायण सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी बाजारपेठेत चिटपाखरू नसायचं. पण माझे एक काका रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका टॉकीजला ऑपरेटर होते, ते म्हणायचे टीव्हीला कशाला बोल लावता, आम्हाला पेटीने मारलं. मला हेच जास्त पटतं.

पेटी म्हणजे रिळांची पत्र्याची पेटी. ३५ एमएमची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे अडीच तासांचा पिक्चर साडेतेरा हजार फूट झाला, आणि २००० फुटांचं मोठं रीळसुद्धा जेमतेम २२ मिनिटं चालायचं, म्हणून केबिनमध्ये दोन मशिनं आणि दर रिळाला चेंजओव्हर, म्हणजे एका मशिनवरचं रीळ संपताना दुसरं मशिन चालू करायचं. झेनॉनचा दिवा यायच्या आधी उजेड कार्बनच्या कांड्यांचा, त्या जळून आखूड होत जायच्या, अंतर सतत सांभाळावं लागायचं, जरा लक्ष हटलं की पडद्यावर अंधार आणि खालच्या थर्ड क्लासमधून शिट्ट्या आणि काकांच्या नावाने शिव्या.

तर ही पेटी आमच्याकडे उशिरा यायची, सगळं दुखणं तिथेच. धंद्याच्या भाषेत आपण बॉम्बे सर्किटमध्ये, म्हणजे पिक्चर वाटपाच्या एका विभागात, त्यात गुजरात, गोवा, महाराष्ट्राचा बराचसा भाग आणि कर्नाटकाचा वरचा पट्टा. प्रिंटा, म्हणजे पिक्चरच्या फिल्मच्या प्रती, मोजक्या. त्या आधी मुंबई-पुण्यात चालणार, मग कोल्हापूर-सांगली, आणि घासून ओरखडे पडल्यावर एसटीच्या टपावरून घाट उतरून आमच्याकडे. कधी अख्खं गाणंच गायब असायचं कारण मधला तुकडा तुटलेला. पावसाळ्यात घाटात दरड आली की पेटी अडकली, मग जुनाच पिक्चर परत लावायचा. त्यात चाकरमानी गणपतीला येऊन आरतीनंतर मुंबईत बघितलेल्या पिक्चरची स्टोरी शेवटासकट सांगून मोकळे!

हे वर्षानुवर्षं चाललं कारण लोकांना दुसरं काही नव्हतंच. ८०च्या दशकात व्हिडिओ आला आणि मुंबईत नुकताच लागलेला पिक्चर चोरीच्या कॅसेटवर गावात पोचायला लागला, आमची पेटी मात्र अजून कोल्हापुरातच. लोक थेटर सोडून गेले ते आळसाने नाही, त्यांना ताजा पिक्चर हवा होता एवढंच. गंमत म्हणजे २००५च्या आसपास सॅटेलाइटवरून डिजिटल पिक्चर यायला लागले, मुंबईत शुक्रवारी तोच पिक्चर छोट्या गावातही शुक्रवारीच, पेटीचा प्रश्नच मिटला. पण तोवर खुर्च्या मोडलेल्या, पत्रे गळणारे, बाल्कनीत वटवाघळं, आणि मालकाची पुढची पिढी मुंबईत सेटल. आता कोण पैसा घालणार.

तुमच्या गावच्या टॉकीजचा इतिहास हवा असेल तर नुसत्या आठवणी गोळा करू नका, माणसं साल हमखास चुकवतात. मुंबई सिनेमा विनियमन कायदा १९५३चा आहे, त्याखाली टॉकीजचं लायसन्स जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून मिळायचं आणि करमणूक करही कलेक्टर कचेरीतच भरला जायचा, तेव्हा जुन्या फाइली शिल्लक असल्या तर तिथे मालक, सीटा, तिकिटाचे दर असं बरंच काही सापडेल. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, आणि अर्जात टॉकीजचं नाव आणि जागेचा सिटी सर्व्हे नंबर दोन्ही लिहा, कारण मालक बदलला की नावही बदललेलं असतं.