एजंट लोकांच्या ओपन हाउसला वाइन ठेवू का?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीचं रियल इस्टेटचं लायसन्स नवीन आहे, पहिलं बरं लिस्टिंग, म्हणजे विकायला दिलेलं घर, हातात आलंय आणि पुढच्या आठवड्यात ते दुसऱ्या एजंट लोकांना दाखवायला ब्रोकर ओपन ठेवलंय. त्यात वाइन ठेवली तर जास्त लोक येतील का, परवाना लागेल का, आणि नाही ठेवली तर 'हे इंडियन लोक सोवळ्यातले' असं तर कोणाला वाटणार नाही ना? पहिल्या दोन प्रश्नांसाठी मी लिहायला बसले नसते. तिसऱ्यासाठी बसलेय.

नका ठेवू. याचा सोवळ्याशी काही संबंध नाही. मी घेते. शनिवारी जेवणाआधी रेड वाइनचा एक ग्लास, कधी दोन, आणि त्याचा हिशेब मला कोणाला द्यायचा नाही. पण माझ्या लिस्टिंगवर, सेलरच्या घरात, कामाच्या दिवशी भरदुपारी बाटली उघडत नाही. हे मी ऑफिसात इतक्यांदा बोललेय की आता मी तोंड उघडायच्या आधीच लोक हसतात.

गाडीचं कारण तुम्हाला ठाऊकच असेल, पण त्यातली मेख कोणी बोलत नाही. रविवारच्या पब्लिक ओपन हाउसला कोण येईल, त्याचं दारू प्यायचं वय, म्हणजे २१, झालंय की नाही, काहीच सांगता येत नाही. तिथे हा विषयच नको. एजंटांचं वेगळं. ते फेरीवर निघालेले असतात, एका दुपारी चार-पाच घरं, प्रत्येक घराला गाडीनेच. म्हणजे तुमच्या दारात येणारा प्रत्येक माणूस अर्ध्या तासात पुन्हा स्टिअरिंगमागे बसणार हे तुम्हाला आमंत्रण पाठवतानाच माहीत असतं. त्यातला एखादा पुढे क्लायंटला शेजारी बसवून शोइंगलाही नेणार असतो. 'मला काय कल्पना' म्हणायची सोय तुम्ही स्वतःच घालवलेली असते.

आता ज्या दुपारमुळे माझं मत एवढं पक्कं झालं, ती सांगते.

मिडलसेक्स काउंटीतलं कलोनियल, चार बेडरूम, बेसमेंट फिनिश्ड, किचन मात्र जुनं, ओकची कॅबिनेटं. लिस्टिंग माझं आणि ऑफिसातल्या एका सीनियर बाईंचं मिळून. सेलर माझ्या ओळखीचे म्हणून काम माझ्यामार्फत आलं. नाव बाईंचं मोठं म्हणून बोर्डावर त्या वर आणि मी खाली. किंमत लावली साडेसहा लाख डॉलर. सेलरची टेक्ससला बदली झाली होती, तिकडचं घर त्यांनी घेऊनही टाकलं होतं आणि दोन्ही घरांचे हप्ते चालू होते. ही गोष्ट आम्हा दोघींना माहीत होती आणि दोघींनीच पोटात ठेवायची होती. समोरच्या बाजूला हे कळलं की किंमत पडली, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं?

बाईंनी ठरवलं की प्रोसेको आणि रेड वाइन ठेवायची. मी फोनवर विचारलं, सेलरना विचारलंत का? म्हणाल्या, त्यांना कशाला विचारायचं, ते त्या वेळी घरी नसणारच आहेत. आणि मग गोड आवाजात, 'तुमच्याकडे चालत नाही ना हे, मला माहितेय. तू बाटलीला हात लावू नकोस, मी ओतीन.'

हे 'तुमच्याकडे' मला अजून बोचतं. मी धंद्याचा मुद्दा काढला होता, त्यांनी तो माझ्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवला.

गर्दी झाली, नाही म्हणत नाही. पण त्याच रस्त्यावर त्या दुपारी आणखी दोन घरं उघडी होती, लोक तसेही येणारच होते. हे मी तेव्हाही म्हणाले होते. एरवी एजंट येतो, दहा मिनिटांत वर-खाली फिरतो, बशीत कार्ड टाकतो आणि जाता जाता हळूच सांगतो, 'किचन बघता किंमत जास्त वाटते.' ब्रोकर ओपनचा सगळा खटाटोप त्या एका वाक्यासाठी असतो. हातात ग्लास आला की माणूस रेंगाळतो, पण घर बघत नाही. किचनमधल्या आयलंडला टेकून कुठल्या ऑफिसात स्प्लिट, म्हणजे कमिशनमधला वाटा, किती मिळतो याच्या गप्पा सुरू होतात. वरच्या मजल्यावर जेमतेम काही जण गेले. फीडबॅकच्या कागदावर बहुतेकांनी 'छान घर' लिहिलं. त्या दोन शब्दांचं काय करायचं? लोणचं?

बाई प्रत्येकाबरोबर घोटघोट घेत होत्या. झिंगल्या वगैरे मुळीच नव्हत्या, त्यांच्यावर अन्याय नको. नुसत्या खुलल्या होत्या. मी दारात साइन-इन सांभाळत होते, ग्लास उचलायला आत गेले, तर कानावर आलं, 'टेक्ससला घर घेऊन बसलेत बिचारे. सहा वीस आले तरी नाही म्हणायचे नाहीत.' समोर दुसऱ्या ऑफिसचा एक तरुण एजंट होता. त्याने मान डोलावली आणि ग्लास ओट्यावर ठेवला. ग्लास काठोकाठ भरलेला होता. पोरगा पीतच नव्हता.

त्याच आठवड्यात त्याच्याकडून ऑफर आली. सहा लाख वीस हजार.

मी ब्रोकर ऑफ रेकॉर्डकडे, म्हणजे ऑफिसच्या जबाबदार मुख्य ब्रोकरकडे, गेले आणि सेलरना हे सांगितलंच पाहिजे असा हट्ट धरला. सांगितलं गेलं. कसं सांगितलं गेलं ते विचारू नका. घासाघीस होऊन घर शेवटी ६ लाख ३१ हजारांना गेलं. बाईंचं म्हणणं, मार्केटच तेवढं होतं. असेलही. ते कधी सिद्ध होणार नाही, आणि म्हणूनच आमचा वाद मिटत नाही. पण रियल्टर असोसिएशनच्या कोड ऑफ एथिक्समध्ये पहिला आर्टिकल क्लायंटच्या हिताचा आहे, आणि क्लायंटचं गुपित बाहेर न काढण्याची स्टँडर्ड ऑफ प्रॅक्टिस १-९ त्याच्याच खाली येते. पहिल्या पानावरची गोष्ट आहे ही. लोक पाहुण्यांना किती चढेल याची काळजी करतात. माझ्या मते काळजी यजमानाची करावी, कारण घराची सगळी अंडीपिल्ली त्यालाच माहीत असतात.

पुढे कळलं की बाटल्यांचं बिल एका लोन ऑफिसरने भरलं होतं. बाईंना यात काहीच वावगं वाटत नव्हतं, 'सगळेच करतात.' तुम्हालाही लवकरच कोणी टायटल कंपनीवाला (घराच्या मालकीची कागदपत्रं तपासणारा) किंवा मॉर्गेजवाला म्हणेल, 'खाण्यापिण्याचं माझ्याकडे लागलं.' तेव्हा घरखरेदीच्या व्यवहारांवरचा १९७४चा रेस्पा कायदा आठवा, कलम ८. गिऱ्हाईक पाठवण्याच्या बदल्यात कुठलीही मोलाची गोष्ट देणं-घेणं गुन्हा आहे. १० हजार डॉलरपर्यंत दंड आणि १ वर्षापर्यंत कैद. नेहमीच्या जाहिरातबाजीला मुभा आहे, पण ती गिऱ्हाईक पाठवण्याच्या अटीवर नसावी आणि तुम्ही एरवी स्वतः केला असता तो खर्च त्यातून भागवला जाऊ नये. ओपन हाउसचा खर्च तुमचाच असतो. त्याने येऊन स्वतःची पत्रकं मांडली, आपल्या वाट्याचा रास्त खर्च दिला, तर ती वेगळी गोष्ट. नुसतं बिल भरलं असेल तर नाही म्हणा, मग ते वाइनचं असो की सँडविचचं.

परवान्याचं थोडक्यात. खासगी घरात, फुकट, २१ पूर्ण झालेल्यांना देत असाल तर आपल्या राज्यात त्यासाठी विक्रीचा परवाना लागत नाही. पैसे, तिकीट, 'ऐच्छिक देणगी' असलं काही लावलंत की ती विक्री झाली. मात्र परवाना लागत नाही म्हणजे जबाबदारी नाही असा अर्थ लोक काढतात, तो चूक. १९८४ साली न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने केली विरुद्ध ग्विनेल या खटल्यात सांगितलं की घरी पाहुण्याला दिसण्याइतकी चढलेली असताना, तो गाडी चालवणार हे माहीत असताना यजमान त्याला पाजत राहिला, तर पुढे रस्त्यात ज्याला इजा झाली तो यजमानावरही दावा करू शकतो. १९८७मध्ये कायदा करून यजमानाची ही जबाबदारी जरा कमी केली: झिंग उघड दिसत असताना जाणूनबुजून दिली तरच, आणि रक्तातलं अल्कोहोलचं प्रमाण ०.०५ टक्क्यांच्या खाली असेल तर उघड झिंग धरत नाहीत. तेव्हा अर्ध्या ग्लासापायी तुमचं घरदार जाणार नाही, हे कबूल. पण धंद्यासाठी एजंट बोलावून पाजणारे तुम्ही घरगुती यजमान की आणखी कोणी, यावरच वकील आधी भांडतील, आणि त्या भांडणाचं बिल येतंच.

इन्शुरन्सचं म्हणाल तर आपली ई अँड ओ (एरर्स अँड ओमिशन्स) पॉलिसी कामातल्या चुकांसाठी असते, अपघातात कोणाचा पाय मोडला त्यासाठी नाही. ऑफिसच्या जनरल लायबिलिटीत यजमान म्हणून दिलेल्या दारूचं संरक्षण बहुधा असतं, पण ब्रोकरकडून लेखी विचारून घ्या. सेलरची होमओनर्स पॉलिसी धंद्याच्या कार्यक्रमाला कितपत उभी राहते ते सेलरने त्याच्या एजंटला विचारायचं. सेलरची परवानगीही लेखीच हवी. त्या घरात कोणी दारू सोडलेलं असेल, कोणाच्या घरात चालत नसेल; तुम्हाला माहीत नसतं. बाई या मुद्द्यालाही 'संस्कृती' म्हणाल्या होत्या. दुसऱ्याच्या घरात दुसऱ्याला विचारून वागायचं, यात कसली संस्कृती?

आणि उरलेल्या बाटल्या! याचा विचार कोणीच करत नाही. उघडलेली बाटली गाडीत पुढच्या किंवा मागच्या सीटवर ठेवून निघालात आणि पोलिसांनी थांबवलं, तर तुम्ही थेंबही घेतलेला नसला तरी ओपन कंटेनरचं तिकीट मिळतं. ट्रंकमध्ये टाका.

गर्दी हवी असेल तर गरम जेवण ठेवा. बेगल नकोत, बेगल सगळेच ठेवतात. बारा वाजता बेक्ड झिटीचा (भाजलेल्या पास्त्याचा) ट्रे, सॅलड, बऱ्यापैकी कॉफी, आणि आमंत्रणात जेवणाचा उल्लेख ठळक. जेवण वरच्या मजल्यावर किंवा बेसमेंटमध्ये मांडा, म्हणजे तिथपर्यंत जायला अख्खं घर ओलांडावं लागतं. ही माझी युक्ती. बाईंनी ती नंतर स्वतःची म्हणून मीटिंगमध्ये सांगितली. शेजारच्या घरांच्या एजंटांशी बोलून एकच वेळ ठरवा, वाइनपेक्षा ते जास्त लोक आणतं. आणि फीडबॅकला 'घर कसं वाटलं' विचारू नका, 'तुम्ही किती किंमत लावली असती' विचारा.

आता अपवाद. खूप महागड्या घरांना संध्याकाळचे कार्यक्रम करतात, तिथे केटरर आणि बारटेंडर बोलावलेला असतो. त्याच्या इन्शुरन्सच्या सर्टिफिकेटवर तुमच्या ऑफिसचं आणि सेलरचं नाव घालून घेतलेलं असेल, ओतणारा माणूस तुमच्यापैकी कोणी नसेल, तर माझा विरोध निम्मा होतो. मॅनहॅटनमध्ये एजंट सबवेने आणि चालत येतात, तिथे माझा गाडीचा मुद्दा लंगडा पडतो. तोंड सैल सुटण्याचा नाही पडत. दुसऱ्या राज्यातले कोणी हे वाचत असाल तर तुमचे नियम तुमच्या ब्रोकरला विचारा. यूटामध्ये गाडी चालवायची मर्यादाच ०.०५ आहे, बाकी राज्यांत ०.०८. आणि मी वकील नाही, हे खरं तर वरती लिहायला हवं होतं.

राहिला तिसरा प्रश्न. 'तुमच्याकडे चालत नाही का' असं कोणी विचारलं, तर 'चालतं की, काम संपल्यावर' म्हणा आणि झिटीचा चमचा त्याच्या हातात द्या. बाई आता दुसऱ्या ऑफिसात आहेत. त्यांच्या ब्रोकर ओपनला मी आवर्जून जाते, प्रोसेको असतेच. घर बघते, बशीत कार्ड टाकते, आणि मग किचनमध्ये जरा वेळ उभी राहते, काय काय कानावर येतं ते ऐकत.