३०४ स्टेनलेस स्टीलला तडा गेला की आधी ताण शोध

तडा दिसला की लगेच धातू बदलायची घाई करू नकोस. ताण, माध्यम (धातूला लागणारं पाणी किंवा रसायन) आणि त्याला बळी पडणारा धातू, हे तिन्ही एकत्र आले तरच असा तडा, म्हणजे स्ट्रेस कोरोजन क्रॅकिंग, होतो. यातलं एक जरी काढलंस तरी काम भागतं.

नवखे लोक बाहेरचा भार मोजतात आणि वेल्डिंगमुळे आत अडकून राहिलेला ताण विसरतात. बहुतेक वेळा घात तोच करतो. कार्बन स्टील कॉस्टिकमध्ये (कॉस्टिक सोड्यात) जाणार असेल, तर वेल्डिंगनंतर साधारण ६२० अंश सेल्सिअसवर स्ट्रेस रिलीफ, म्हणजे तापवून आतला ताण घालवणं, करून घे. ३०४, ३१६ या स्टेनलेस स्टीलना मात्र ते तापमान देऊ नकोस, सेन्सिटायझेशन होईल, म्हणजे कणांच्या सीमांवर क्रोमियम कमी होऊन धातू गंजाला कच्चा पडेल. तिथे क्लोराइड सांभाळ, विशेषतः ६० अंशांच्या वर. पाण्याच्या रिपोर्टमधला आकडा कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. इन्सुलेशनखाली, गॅस्केटच्या फटीत पाणी सुकतं आणि क्लोराइड साचत जातं. हायड्रोटेस्टनंतर (पाण्याच्या दाबाने घेतलेल्या चाचणीनंतर) पाणी पूर्ण काढून लाइन कोरडी कर, हे मी आग्रहाने सांगतो. एवढं करूनही जमत नसेल तर डुप्लेक्स २२०५ या क्लोराइडला जास्त टिकणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा विचार कर.

पितळ असेल तर अमोनिया लांब ठेव. तपासणीला डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) वापर; फांद्या फुटलेले तडे नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत.