चा-चा-चा 'दोन'वरून का सुरू करतात?

प्रश्न : मी ४६ वर्षांची आहे, दोन महिन्यांपूर्वी डान्स क्लास लावला. सर चा-चा-चा शिकवताना 'एक' सोडून देतात आणि 'दोन'वर पाऊल टाकायला सांगतात, माझं दरवेळी तिथेच चुकतं. असं का असतं? आणि हा डान्स आला कुठून, नावाला काही अर्थ आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी नावाचं सांगते, कारण तुमच्या 'दोन'चं गणित त्यातच आहे. हा डान्स क्यूबातला, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीचा, हवानाचा. तिथे एनरिके होरिन हे व्हायोलिन वाजवायचे आणि चाली बांधायचे, आणि वाजवताना त्यांचं लक्ष नाचणाऱ्यांच्या पायांकडे असायचं, मला हे फार आवडतं. मॅम्बो या तिथल्याच आधीच्या डान्समध्ये जोर ठोक्याच्या अधेमधे पडतो त्यामुळे बऱ्याच जोड्यांची पावलं चुकायची, मग त्यांनी चाली सोप्या केल्या, जोर ठोक्यावर आणला. लोक मोकळे होऊन नाचायला लागले आणि मध्येच तीन पटापट पावलं घ्यायला लागले, तळवे फरशीवर घासून आवाज यायचा चा-चा-चा, तेच नाव पडलं. बँडमध्ये ग्वीरो पण असतो, म्हणजे खाचा पाडलेला वाळका भोपळा, त्यावर काडी घासतात, तो आवाजही अगदी तसाच.

१९५३ मध्ये होरिन यांचं 'ला एंगान्यादोरा' हे गाणं रेकॉर्ड झालं आणि तुफान चाललं. बघता बघता न्यूयॉर्कचे हॉल चा-चा-चाने भरले, कारण मॅम्बो न जमणाऱ्यांनाही हे जमत होतं. लंडनचे डान्स शिक्षक मस्यू पिएर क्यूबाला जाऊन शिकून आले, तिथले लोक 'दोन'वर पाऊल टाकतात हे बघून त्यांनी तसंच शिकवलं, आज स्पर्धेतल्या पाच लॅटिन डान्समध्ये हा आहे आणि तुमचे सर तेच शिकवतायत.

आता मोजणी. गाण्यात एक ते चार असे ठोके पुन्हा पुन्हा फिरत राहतात. 'दोन, तीन, चा-चा-चा' म्हणा. पहिला चा चौथ्या ठोक्यावर, दुसरा चार आणि एकच्या मध्ये, तिसरा बरोब्बर 'एक'वर. म्हणजे 'एक' सोडलेला नाहीये ताई, तिहाई जशी समेवर येऊन पडते तसा शेवटचा चा तिथे पडतो! घरी गाणं लावून आधी नुसती 'एक'वर टाळी द्या, चार-पाच दिवस पाय हलवूच नका, मग नाचायला लागलात की तळवा उचलू नका, फरशीवर घासू द्या, आवाज आला पाहिजे.