पालकाला पोटॅश: कोणतं आणि कधी?

भाऊ, तुमची 20 गुंठे काळी जमीन, विहिरीचं पाणी, पहिल्या कापणीनंतर पालकाच्या कडा करपतायत, आणि दुकानदार म्हणतो 0:0:50 (पाण्यात विरघळणारं सल्फेट ऑफ पोटॅश) फवारा. माझं मत विचाराल तर फवारणी थांबवा. आधी कोणती पानं करपतायत ते बघा.

पालाश, म्हणजे पोटॅश, कमी पडला की रोप तो जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून खालच्या पानांची कड आधी पिवळी पडते आणि मग जळते. खारट पाण्यानेही जुन्या पानांच्याच कडा जळतात, घोळ इथेच होतो. उन्हाळ्यात विहीर खाली गेल्यावरच त्रास वाढत असेल आणि वाफ्याच्या वरंब्यावर पांढरी पापडी धरत असेल, तर संशय पाण्यावर. अशा ठिकाणी लाल पोटॅश, म्हणजे म्युरेट, टाकलं तर क्षारांत भरच पडते. त्यात पालाश 60 टक्के असला तरी जवळपास 47 टक्के क्लोरीनही आहे.

एरवी म्युरेटला उगाच बदनाम करू नये. पालक बीटच्या कुळातला, क्लोराईड बऱ्यापैकी सोसतो. गोड्या पाण्यावर त्याला म्युरेट चालतं आणि स्वस्तही पडतं. लेट्यूस नाजूक, त्याला मात्र सल्फेट ऑफ पोटॅशच द्या. त्यात पालाश 50 टक्के आणि गंधक साधारण साडेसतरा टक्के. तुमचं पाणी खारट निघालं तर पालकालाही हेच.

आता किती द्यायचं. ताज्या पालकात 100 ग्रॅमला साधारण साडेपाचशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. म्हणजे एक टन भाजी बाजारात गेली की शेतातून साडेपाच किलो पोटॅशियम, खताच्या हिशोबात (K2O, पोटॅशियमच्या 1.2 पट) साडेसहा किलोच्या आसपास पालाश गेला. फळपिकाचा पाला निदान रानात राहतो, इथे जुडीच विकतो आपण! तरी काळ्या जमिनीत साठा बहुधा चांगला असतो. माती परीक्षणात उपलब्ध पालाश हेक्टरी 280 किलोच्या वर आला तर यंदा पोटॅशवर पैसे घालू नका, शेणखत पुरे. मध्यम आला तर जेवढा काढला त्याच्या निम्मा परत द्या: कापणीला दोन टन निघत असतील तर सुमारे 13 किलो सल्फेट.

वेळेचं म्हणाल तर पीक चाळीसेक दिवसांचं, त्यामुळे पोटॅश पेरणीआधी वाफ्यात मिसळून द्यायचं. बियाला चिकटून नको, उगवण मार खाते. कापण्या घेणार असाल तर प्रत्येक कापणीनंतर युरियाबरोबर थोडं द्या आणि लगेच पाणी सोडा. मुरमाड, हलक्या रानात मात्र एकदम न देता हप्त्यांनी द्या, तिथे ते निचऱ्याबरोबर खाली जातं. काढणीच्या आठवडाभर आधीच्या फवाऱ्याने करपलेली कड हिरवी होत नाही, फक्त दुकानाचं बिल वाढतं.

0:0:50 कॅल्शियम नायट्रेटबरोबर एका टाकीत कालवू नका, जिप्सम तयार होऊन ठिबकचे ड्रीपर तुंबतात. राख कोकणच्या आंबट जांभ्या जमिनीत चांगली, आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात नको.

पाण्याचा ईसी (क्षार किती ते सांगणारा आकडा) काढून इथे टाका, आणि खालच्या-वरच्या दोन्ही पानांचे फोटोही. मग म्युरेट की सल्फेट ते ठरवू.